ग्राहकांचे प्रश्न : ऑनलाइन घेतलेले वापरलेले उपकरण सदोष निघाले तर

गेल्या काही महिन्यांत या सदराकडे आलेल्या पत्रांत फ्रिज, वॉशिंग मशीन आणि एसी यांविषयीच्या तक्रारी बऱ्याच आहेत, आणि त्यांतील बहुतेक उपकरणे वापरलेली, मोबाइलवर जाहिरात पाहून घेतलेली आहेत. मुंबईत अकरा महिन्यांच्या कराराने घरे बदलणाऱ्या किंवा इमारतीच्या पुनर्विकासामुळे काही वर्षांसाठी दुसरीकडे राहायला गेलेल्या कुटुंबाने जुने उपकरण घेणे हा समंजस व्यवहार आहे. तरीही ‘जुनीच वस्तू घेतली, आता तक्रार कोणत्या तोंडाने करायची?’ हा संकोच पत्रापत्रांतून दिसतो. तो सोडून द्यावा, असे मला मनापासून वाटते. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ मध्ये मोबदला देऊन वस्तू घेणारा तो ग्राहक, अशी व्याख्या आहे. वस्तू नवीच असली पाहिजे, अशी अट तेथे नाही. मात्र वस्तू कोणी विकली आणि विकताना काय सांगितले, या दोन गोष्टींवर जुन्या वस्तूचा जवळजवळ प्रत्येक वाद ठरतो. निवडक पत्रांना दिलेली उत्तरे वाचताना हे दोन प्रश्न वाचकांनी स्वतःच्या व्यवहारालाही लावून पाहावेत.

प्रश्न : एका विक्री संकेतस्थळावरून मी ‘रिफर्बिश्ड’ (जुना, पण दुरुस्त करून पुन्हा विक्रीला काढलेला) म्हणून जाहिरात केलेला दोन दरवाज्यांचा फ्रिज ११,५०० रुपयांना घेतला. ‘कॉम्प्रेसर मूळ कंपनीचा, संपूर्ण तपासणी केलेला, सहा महिन्यांची हमी’ असे जाहिरातीत लिहिले होते. पहिला आठवडा फ्रिज उत्तम चालला, नंतर थंडावा कमी होत गेला. जवळच्या मेकॅनिकने पाहून सांगितले की गॅस गळतो आहे आणि मागच्या नळीला पूर्वीच डाग दिलेला (धातू वितळवून जोड दिलेला) आहे. विक्रेता म्हणतो की आमच्या इमारतीतील विजेचा दाब कमीजास्त होतो म्हणून बिघाड झाला, शिवाय हमीत गॅस येत नाही. संकेतस्थळ म्हणते, आम्ही केवळ मध्यस्थ आहोत. सासूबाईंचे इन्सुलिन फ्रिजमध्ये ठेवावे लागते, त्यामुळे फार दिवस थांबणे शक्य नाही. दुरुस्ती करून घेतली तर तक्रारीचा हक्क जाईल का? — एक वाचक भगिनी, भांडुप

उत्तर : दुरुस्तीमुळे हक्क जात नाही, पण पुरावा जाऊ शकतो, म्हणून क्रम पाळावा. इन्सुलिनच्या न उघडलेल्या कुप्या २ ते ८ अंश सेल्सिअस तापमानात ठेवाव्या लागतात, तेव्हा त्या आजच शेजाऱ्यांच्या फ्रिजमध्ये ठेवाव्यात आणि वापरात असलेल्या कुपीबाबत औषधविक्रेत्याला विचारावे. त्यानंतर दुरुस्तीसाठी फ्रिज खोलण्यापूर्वी कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरचा तंत्रज्ञ बोलवावा आणि त्याच्याकडून जॉबशीटवर (कामाच्या नोंदपत्रकावर) तीन गोष्टी लिहून घ्याव्यात : गळती नेमकी कोठे आहे, डाग दिलेला सांधा जुना आहे का, आणि कॉम्प्रेसरवरील पट्टीचा क्रमांक त्या मॉडेलशी जुळतो का. सांध्याची, कॉम्प्रेसरची आणि फ्रिजच्या अनुक्रमांकाची छायाचित्रे काढावीत. मग विक्रेत्याला लेखी कळवावे की घरात औषध ठेवण्याची निकड असल्याने अमुक दिवसांत आपण दुरुस्ती केली नाही तर मी ती करून घेईन आणि खर्चाची मागणी आपल्याकडे करीन. बदललेला भाग मेकॅनिकला नेऊ देऊ नये, तो पिशवीत जपून ठेवावा.

विक्रेत्याच्या खुलाशाकडे थोडे बारकाईने पाहावे, कारण अशा खुलाशांनीच ग्राहक गप्प होतो. फ्रिजमधील गॅस बंद नळ्यांतून फिरत राहतो. तो वापरून संपत नाही. तो कमी झाला याचा अर्थ कोठेतरी गळती आहे. विजेच्या दाबातील चढउतारामुळे कॉम्प्रेसरची वाइंडिंग (आतील तारेची गुंडाळी) जळू शकते किंवा इलेक्ट्रॉनिक बोर्ड निकामी होऊ शकतो, परंतु त्यामुळे नळीच्या सांध्याला छिद्र पडत नाही. गळतीचा शोध न घेता नुसता गॅस भरून दिला, तर फ्रिज काही दिवस चांगला थंड होतो आणि मग हळूहळू ढिला पडतो. आपल्या पत्रातील वर्णन याच प्रकाराशी जुळते. तंत्रज्ञाने हे कागदावर लिहून दिले, तर विजेच्या दाबाचे कारण टिकणे अवघड आहे. येथेच एक सावधगिरीची सूचना : अलीकडच्या बऱ्याच घरगुती फ्रिजमध्ये आर-६००ए हा ज्वालाग्राही वायू असतो. कॉम्प्रेसरवरील किंवा फ्रिजच्या मागील पट्टीवर ते नाव दिसले, तर स्वयंपाकघरात ज्योत पेटवून डाग देऊ पाहणाऱ्या अननुभवी माणसाच्या हाती फ्रिज सोपवू नये.

आता कायद्याविषयी. २०१९ च्या अधिनियमात ‘दोष’ या शब्दाची व्याख्या व्यापक आहे. कायद्याने किंवा करारानुसार जो दर्जा राखणे आवश्यक आहे त्यातील उणीव म्हणजे दोष, आणि व्यापाऱ्याने कोणत्याही रीतीने केलेल्या दाव्याप्रमाणे वस्तू नसणे हाही दोषच. जुन्या वस्तूच्या खरेदीदाराला याच शेवटच्या भागाचा मोठा आधार आहे. सात वर्षे वापरलेला फ्रिज नव्यासारखा असावा, असे म्हणता येणार नाही, पण ‘संपूर्ण तपासणी केलेला’ असे लिहून विकलेल्या फ्रिजमध्ये आधीचा फुटका सांधा निघाला, तर तो त्या दाव्याच्या तुलनेत सदोष ठरतो. ‘हमीत गॅस येत नाही’ ही अट खरेदीपूर्वी जाहिरातीत किंवा बिलावर दिसत होती का, ते तपासावे. दिसत नसेल, तर नंतर तोंडी सांगितलेली अट कराराचा भाग होत नाही. आपल्याला बिल मिळाले नसल्यास तेही तक्रारीत नोंदवावे, कारण बिल किंवा पावती न देणे ही याच अधिनियमानुसार अनुचित व्यापारी प्रथा आहे. बिलात दिलेल्या मुदतीत, आणि मुदत दिलेली नसल्यास ३० दिवसांत, सदोष वस्तू परत घेण्यास नकार देणे हीसुद्धा अनुचित व्यापारी प्रथाच आहे. म्हणून परतीची मागणी पहिल्या ३० दिवसांतच आणि लेखी स्वरूपात केलेली असावी. फोनवरच्या बोलण्यावर विसंबू नये.

संकेतस्थळ मध्यस्थ असले तरी त्याच्यावर कर्तव्ये आहेत. ग्राहक संरक्षण (ई-वाणिज्य) नियम, २०२० नुसार त्याला तक्रार निवारण अधिकारी नेमावा लागतो, त्या अधिकाऱ्याने ४८ तासांत तक्रारीची पोच द्यावी लागते आणि एक महिन्यात तिचे निवारण करावे लागते. ग्राहकाने खरेदीनंतर लेखी मागणी केल्यास विक्रेत्याचा पत्ता व तपशील देणेही संकेतस्थळावर बंधनकारक आहे. ही मागणी आपण लगेच करावी, कारण पुढील प्रत्येक पायरीवर विक्रेत्याचा खरा पत्ता लागतो. याच नियमांनुसार, जाहिरातीत सांगितलेल्या गुणांप्रमाणे नसलेली वस्तू परत घेण्यास विक्रेता नकार देऊ शकत नाही.

एवढ्यावर दाद लागली नाही, तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवावी. तेथे मराठीतून बोलता येते. ही हेल्पलाइन निवाडा देत नाही, ती कंपनीकडे पाठपुरावा करते, आणि अनेक वाद तेवढ्याने मिटतात. तरीही न मिटल्यास पंधरा दिवसांची मुदत देऊन स्पीड पोस्टाने नोटीस पाठवावी आणि जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे जावे. विक्रेता दिल्लीचा असला तरी आपण राहता तेथील आयोगात तक्रार करता येते, म्हणजे आपल्याला वांद्रे पूर्व येथील उपनगर जिल्ह्याच्या आयोगाकडे जावे लागेल. वस्तूसाठी दिलेला मोबदला पाच लाख रुपयांपर्यंत असल्यास शुल्क नाही, वकील नेमण्याची सक्ती नाही, आणि ई-जागृती या शासकीय संकेतस्थळावरून घरबसल्या तक्रार दाखल करता येते. मुदत वादाचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची आहे. विरुद्ध पक्षाला नोटीस मिळाल्यापासून तीन महिन्यांत, आणि वस्तूची प्रयोगशाळेत तपासणी लागणार असल्यास पाच महिन्यांत निकाल व्हावा, असे कायदा सांगतो. प्रत्यक्षात याहून अधिक काळ लागतो, हे गृहीत धरून चालावे. म्हणूनच तंत्रज्ञाचा लेखी अहवाल सुरुवातीलाच घेण्याचा माझा आग्रह आहे. जाहिरात संकेतस्थळावरून काढून टाकली जाण्यापूर्वी तिचे तारखेसह स्क्रीनशॉट घ्यावेत आणि संभाषण मूळ फोनमध्येच राहू द्यावे.

प्रश्न : ठाण्यातील एक कुटुंब परदेशी जाणार असल्याने त्यांची टॉप लोड वॉशिंग मशीन विकत असल्याची जाहिरात पाहून मी ती ६,००० रुपयांना घेतली. ‘चालू स्थितीत’ असे लिहिले होते. पाहायला गेलो तेव्हा त्यांनी पाणी न भरता ती थोडा वेळ फिरवून दाखवली. घरी आणून कपडे टाकल्यावर कपडे पिळण्याच्या वेळी प्रचंड आवाज येतो आणि खालून पाणी गळते. पैसे यूपीआयने दिले आहेत. आता त्या गृहस्थांनी माझा नंबर ब्लॉक केला आहे. पोलिसांत जावे का? — एक वाचक, चेंबूर

उत्तर : आधी एक खात्री करून घ्यावी. ज्या नावाने जाहिरात होती त्याच नावाखाली आणखी किती उपकरणे विक्रीला आहेत, ते पाहावे. परदेशी निघालेले कुटुंब एक मशीन विकते. त्याच भिंतीसमोर काढलेली चार वेगवेगळ्या मशीनची छायाचित्रे दिसली, तर तो व्यापारी आहे, आणि मग वरच्या उत्तरातील सर्व मार्ग आपल्याला खुले होतात. तो खरोखर गृहस्थ असेल, तर ई-वाणिज्य नियम त्याला लागू होत नाहीत, कारण नियमित व्यवसाय म्हणून नव्हे तर वैयक्तिक नात्याने केलेला व्यवहार त्या नियमांतून वगळलेला आहे. ग्राहक आयोगाचा मार्गही तेथे सहसा उपलब्ध होत नाही.

तेथे आधार उरतो तो वस्तुविक्री अधिनियम, १९३० आणि भारतीय करार अधिनियम, १८७२ यांचा. १९३० च्या कायद्यात वस्तू चांगल्या दर्जाची असल्याची गर्भित (न लिहिताही धरली जाणारी) अट त्या प्रकारच्या मालाचा व्यापार करणाऱ्यालाच लागू होते, पण वर्णन करून विकलेली वस्तू वर्णनाप्रमाणे असली पाहिजे, ही अट सर्वांना लागू आहे. पाणी भरताच गळणाऱ्या मशीनला ‘चालू’ म्हणता येणार नाही, असे माझे मत आहे. मात्र समोरचा असे म्हणेल की तुम्ही स्वतः पाहून घेतली. करार अधिनियमही त्याला काही प्रमाणात साथ देतो : विक्रेता नुसता गप्प राहिला असेल आणि साध्या चौकशीने खरेदीदाराला दोष कळू शकला असता, तर करार रद्द करता येत नाही. मात्र दोष झाकण्यासाठी प्रत्यक्ष काही केले असेल किंवा विचारल्यावर खोटे सांगितले असेल, तर चित्र बदलते. म्हणून आपले जुने संदेश पुन्हा वाचावेत. ‘काही बिघाड आहे का?’ असे आपण विचारले होते आणि उत्तर ‘काहीच नाही’ असे आले होते, तर तो एक संदेश आपल्या बाजूचा सर्वांत भक्कम पुरावा आहे.

मेकॅनिककडून गळती कोठून होते, हे लिहून घ्यावे. टेम्पोतून आणताना नळी निसटली किंवा फाटली असेल, तर तो विक्रेत्याचा दोष नव्हे. परंतु टबाखालचे सील झिजून पाणी बेअरिंगपर्यंत पोहोचले आणि बेअरिंग गंजले, तर गळती आणि आवाज यांचे मूळ एकच आहे. गंज एका दिवसात चढत नाही. मशीन रोज वापरणाऱ्या घराला तो आवाज ऐकू आला नसेल, हे पटण्यासारखे नाही, आणि नोटिशीत हाच मुद्दा ठळकपणे मांडावा.

पोलिसांविषयी विचारले आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली फसवणूक ठरण्यासाठी विक्रीच्या वेळीच अप्रामाणिक हेतू होता, हे दिसावे लागते. नंतर नंबर ब्लॉक करणे एवढ्यावरून ते सिद्ध होत नाही. दिवाणी दाव्याची मुदत तीन वर्षांची असली, तरी ६,००० रुपयांसाठी त्याचा खर्च आणि त्रास परवडणार नाही, हे मी स्पष्टपणे सांगतो. सील आणि बेअरिंग बदलण्याचे अंदाजपत्रक घ्यावे, ते जोडून पत्त्यावर नोटीस पाठवावी आणि संपूर्ण रक्कम नव्हे तर दुरुस्तीचा खर्च मागावा. अशी मोजकी, कागदाने सिद्ध होणारी मागणी मान्य होण्याची शक्यता अधिक असते. उत्तर न आल्यास जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे दावापूर्व समेटासाठी अर्ज करता येतो. ते कुटुंब खरेच परदेशी जाणार असेल, तर यात एका आठवड्याचाही विलंब करू नये.

प्रश्न : वापरलेला दीड टनाचा एसी घेण्याचा विचार आहे. ‘पाच तारे, कंपनीची हमी शिल्लक’ असे विक्रेता सांगतो. काय तपासावे? — एक वाचक, बोरिवली

उत्तर : युनिटवरील अनुक्रमांक घेऊन कंपनीच्या ग्राहक सेवा क्रमांकावर फोन करावा आणि हमी कोणत्या तारखेपर्यंत आहे व ती दुसऱ्या मालकाला मिळते का, असे दोन्ही प्रश्न विचारावेत. मूळ बिल नसेल तर हमी धरून चालू नये. ताऱ्यांच्या लेबलवर कोणत्या कालावधीसाठी ते दिले आहे, हे छापलेले असते. जुलै २०२२ मध्ये एसीचे निकष कडक झाले, त्यामुळे त्याआधीचे पाच तारे म्हणजे आजचे पाच तारे नव्हेत. बाहेरचे युनिट समुद्राच्या बाजूला लावलेले होते का, हेही विचारावे. खारट हवेने कॉइल पोखरली जाते, आणि पावडरसारखे पांढरे वा हिरवट डाग दिसले तर असा एसी घेऊ नये. पावसाळ्यानंतर तळमजल्यावरून विकल्या जाणाऱ्या कोणत्याही उपकरणाच्या मागच्या झाकणाआड गाळाची रेघ आहे का, ते पाहावे. पाण्यात बुडालेले बोर्ड वाळवल्यावर काही आठवडे चालतात आणि मग बंद पडतात, आणि ओल शिरलेल्या उपकरणाचा विजेचा धक्का बसण्याचा धोका तर राहतोच.

प्रश्न : बिघडलेल्या मायक्रोवेव्हचे पैसे परत करतो, असे सांगून विक्रेत्याने क्यूआर कोड पाठवला आहे आणि तो स्कॅन करून पिन टाकण्यास सांगतो आहे. — एक वाचक भगिनी, घाटकोपर

उत्तर : कृपया स्कॅन करू नये. यूपीआयवर पैसे मिळवण्यासाठी पिन कधीही टाकावा लागत नाही. पिन टाकला की पैसे आपल्या खात्यातून जातात. त्याला आपला यूपीआय आयडी द्यावा आणि पैसे त्यावर पाठवण्यास सांगावे. हे पत्र छापून येईपर्यंत पिन टाकला गेला असेल, तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर ताबडतोब फोन करावा आणि बँकेलाही कळवावे. पहिल्या काही तासांत कळवल्यास रक्कम पुढच्या खात्यात अडवून ठेवता येण्याची शक्यता सर्वाधिक असते.

प्रश्न : आमची इमारत पुनर्विकासाला जाणार असल्याने आईवडिलांचा नऊ वर्षे वापरलेला फ्रिज मी ऑनलाइन जाहिरात देऊन ४,५०० रुपयांना विकला. तो आमच्याकडे व्यवस्थित चालत होता. तीन आठवड्यांनी खरेदीदार फोन करून म्हणतो की कॉम्प्रेसर गेला, पैसे परत करा. मी बांधील आहे का? — एक वाचक भगिनी, दादर

उत्तर : आपण वय खरे सांगितले असेल, कोणतीही हमी दिली नसेल आणि माहीत असलेला दोष लपवला नसेल, तर आपण बांधील नाही. नऊ वर्षांच्या कॉम्प्रेसरचे पुढे काय होईल, हा धोका खरेदीदाराने त्या किमतीत स्वीकारलेला असतो. त्याने फ्रिज आडवा घालून नेला आणि लगेच चालू केला असेल, तर कॉम्प्रेसरमधील तेल नळ्यांत उतरूनही नुकसान होऊ शकते. तो कसा नेला, हे शांतपणे विचारावे. फोन मात्र उचलावा आणि आपले म्हणणे संदेशाद्वारे लेखी कळवावे. बोलणे तोडल्याने प्रामाणिक विक्रेताही संशयास्पद ठरतो, आणि चेंबूरच्या वाचकांचे पत्र त्याच अनुभवातून आले आहे.

इतर सामान अजून विकायचे असेल, तर प्रत्येक वस्तूसोबत दोघांच्या सह्यांची साधी पावती करावी. तिचा मजकूर असा असावा : ‘अमुक कंपनीचे, अमुक अनुक्रमांकाचे, अमुक साली घेतलेले उपकरण मी आज वापरलेल्या स्थितीत विकले आहे. खरेदीदाराने ते माझ्या घरी पूर्ण चालवून पाहिले आहे. त्यात मला माहीत असलेले दोष पुढीलप्रमाणे आहेत. याव्यतिरिक्त कोणतीही हमी दिलेली नाही.’ ‘दोष पुढीलप्रमाणे’ यानंतरची जागा मोकळी सोडू नये. दरवाज्याचे रबर सैल असेल तर तसे लिहावे, आणि काहीच माहीत नसेल तर ‘माहीत नाही’ असे लिहून त्याखाली सही करावी.